साखरपाणी: पंडिता रमाबाई आणि दोन दुष्काळ

प्रसंग

शेवटच्या आजारात अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी मुलांकडे थोडं साखरपाणी मागितलं. पाणी होतं, साखर नव्हती. दारी आलेल्या यात्रेकरूला विन्मुख पाठवायचं नाही, या व्रतापायी हा माणूस कर्जबाजारी झाला होता. त्याला मरताना चिमूटभर साखर मिळाली नाही. समोर आलेलं जाडंभरडं अन्न त्यांनी खाल्लं, थोड्या वेळाने शुद्ध हरपली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. धाकटी लेक रमा तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होती.

ही हकिकत त्या लेकीने स्वतः लिहून ठेवली आहे. लिहिली ती १८९७ साली, दुसरा दुष्काळ चालू असताना, जेव्हा तिच्याभोवती मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे तीनशे उपाशी मुली होत्या. म्हणजे पहिल्या दुष्काळाकडे तिने पाहिलं ते दुसऱ्या दुष्काळाच्या मधोमध उभं राहून. हे प्रकरण अभ्यासाला घ्यायचं कारण तेच आहे. देव न्यायी आहे आणि सारं काही त्याच्या हातात आहे, ही दोन वाक्यं सुखात सहज म्हटली जातात. घरातली माणसं एकामागोमाग एक उपाशी मरू लागली की ती दोन्ही एकाच तोंडाने म्हणवत नाहीत. रमाबाईंनी ती म्हटली. मधल्या वीस-बावीस वर्षांत काय झालं, म्हणून त्यांना ती म्हणता आली?

मी हे तटस्थपणे लिहीत नाही. मी स्वतः प्रार्थना करणारा माणूस आहे आणि हा प्रश्न माझाही आहे.

घर

अनंतशास्त्री चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. बायकोला संस्कृत शिकवण्याचा हट्ट त्यांनी धरला. समाज उलटला, उडुपीला विद्वानांपुढे त्यांना आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली. पुढे ते पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे १८५८ साली रमाचा जन्म झाला. ती सहा महिन्यांची असतानाच घर मोडलं आणि तीर्थयात्रा सुरू झाली. वेताच्या टोपलीत घालून, हमालाच्या डोक्यावरून तिचा प्रवास झाला. ती यात्रा पुढे कित्येक वर्षं थांबलीच नाही.

देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचायचं, ऐकणारे जे धान्य-दक्षिणा ठेवतील त्यावर दिवस काढायचा. भीक मागायची नाही, चाकरी करायची नाही. आई लक्ष्मीबाईंनी रमाला पहाटे उठवून भागवताचे श्लोक पाठ करून घेतले. अठरा हजार श्लोकांचं भागवत त्या मुलीच्या जिभेवर होतं. हातांनी पोट भरण्याची विद्या मात्र तिन्ही मुलांपैकी कुणालाच दिली नव्हती. अनंतशास्त्र्यांचा देवावर भरवसा इतका होता की ती द्यावी असं त्यांना वाटलंच नसावं.

दुष्काळ आला तेव्हा या घराने जे केलं ते श्रद्धावान माणूस करतो तेच होतं. असलेला पैसा त्यांनी देवाच्या कामी लावला. दानधर्म, ब्राह्मणभोजनं, तीर्थस्नानं, उपास, अनुष्ठानं. शास्त्रात जे सांगितलं आहे ते सारं पार पाडलं की देव प्रसन्न होईल आणि हवं ते देईल, अशी खात्री होती. मग दागिने गेले, रेशमी वस्त्रं गेली, चांदीची भांडी गेली, शेवटी तांब्यापितळेचीही गेली. एक दिवस तांदळाचा शेवटचा दाणा संपला.

आपल्या लोकांत दारिद्र्याची लाज सोसण्यापेक्षा रानात जाऊन मरावं असं सगळ्यांनी बसून ठरवलं. त्याच रात्री त्यांनी तिरुपतीतलं बिऱ्हाड सोडलं आणि ते जंगलात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री, पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर. अखेर म्हाताऱ्या, आंधळ्या बापाने जवळच्या पवित्र तळ्यात देह ठेवायचं ठरवलं. एकेकाचा निरोप घेतला. रमाची पाळी शेवटची. त्यांनी तिला घट्ट धरलं, चेहरा दिसत नव्हता म्हणून डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला आणि सांगितलं की मी तुला आपल्या देवाच्या हाती दिली आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर.

हे वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो. ज्या देवाने अकरा दिवसांत भाकरीचा तुकडा पाठवला नाही, त्याच्याच हाती हा बाप आपली सगळ्यांत लाडकी लेक देतो आहे. याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणं मला जमत नाही. रमाबाईंनाही ते जमलं नाही. पुढे ख्रिस्ती झाल्यावर वडिलांच्या देवपूजेबद्दल त्यांनी कठोर शब्द लिहिले, पण ही प्रार्थना वाया गेली असं कधी लिहिलं नाही. उलट, वडिलांना ज्याची ओळख नव्हती त्या देवानेच ती ऐकली, असं म्हटलं.

तळ्यात कुणी उतरलं नाही. भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान बाजूला ठेवून मी मजुरी करीन, म्हणाला. सगळी रानातून बाहेर पडली. तोवर उशीर झाला होता. वडील गेले, काही आठवड्यांतच आईही आजारी पडली. तापाच्या भ्रमात आई खायला मागत होती, म्हणून रमा शेजारच्या ब्राह्मण बाईच्या दारात गेली. आयुष्यात कधी मागितलं नव्हतं, तोंडातून शब्द फुटेना, नुसती आसवं. त्या माउलीने समजून भाकरी दिली. ती आईच्या घशाखाली उतरली नाही. आईला स्मशानात न्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तरी चौथा खांदा मुलीचाच. स्मशान तीन मैलांवर, मुलगी उंचीने सगळ्यांत कमी, म्हणून तिने आईचं ओझं डोक्यावर घेतलं. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

दोष कुणाचा?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. श्रद्धावान लोक असं प्रकरण सांगताना ती बहुधा वगळतात. दक्षिणेतला हा दुष्काळ १८७६ ते ७८ या काळात कळसाला पोचला. रमाबाईंनी घरातले मृत्यू याच दुष्काळात मोजले आहेत. पाऊस पडला नाही हे खरं. पण व्हाइसरॉय लिटनच्या काळात देशातून धान्य परदेशी जातच राहिलं. सरकारने दुष्काळी भागात पाठवलेला अधिकारी रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामांवरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास धान्य आणि वर नाममात्र पैसे इतकी खाली आणली. खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगता येत नाही. मेलेल्यांचे अंदाज पन्नास लाखांच्या पुढे जातात. इतक्या मरणांनंतर १८८० चा दुष्काळ आयोग आणि त्यामागून मदतकार्याचे लेखी नियम आले.

म्हणून ‘देवाची इच्छा’ हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. देवाचं राज्य सर्वांवर आहे असं मानणारा माणूस सहज एक चूक करतो: टेंपलची सही असलेला कागद तो देवाच्या नावावर खपवतो. देव सार्वभौम आहे याचा अर्थ प्रत्येक हाकिमाचा हुकूम देवाचा आहे, असा होत नाही. बायबलातले संदेष्टे तर नेमकं उलटं सांगत राजांच्या दारात उभे राहिले.

सोळा-सतराव्या वर्षी रमाला टेंपलचं नावही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिच्यापुढचा प्रश्न अधिक जवळचा होता. शास्त्राने सांगितलेली एकूण एक अट आम्ही पाळली, मग फळ का आलं नाही? बहीण-भाऊ उत्तरेकडे पायी निघाले. काश्मीरपर्यंत गेले. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, म्हणून वाळूत खड्डे करून त्यात झोपले आणि अंगावर वाळू ओढून घेतली. भावाला नोकरी मिळाली तर ती महिना चार रुपयांची. चालता चालता जुनी श्रद्धा गळत गेली. १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली तेव्हा तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. तोवर तिच्या मनात देवांबद्दल फारसं काही उरलं नव्हतं.

माझ्या वाचनात जे मोडलं तो देवावरचा भरवसा नव्हे, देवाशी केलेला करार. इतके उपास, इतकी स्नानं, इतकं दान, आणि बदल्यात रक्षण. हा करार कुठल्याही एका धर्माची मक्तेदारी नाही. चर्चमध्ये नेमाने दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, देणारा माणूस पोराच्या आजारपणात ‘मी काय कमी केलं होतं?’ असं विचारतो, तेव्हा तोही त्याच कराराची प्रत पुढे करत असतो. बायबलात ईयोब या निर्दोष माणसावर संकटं कोसळतात, तेव्हा त्याचे मित्र हेच सांगत होते: तू दुःख भोगतो आहेस, म्हणजे तुझा हप्ता कुठेतरी चुकला असणार. त्या पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. हे आपल्याकडच्या प्रवचनांत फार कमी वेळा ऐकू येतं.

मधली वर्षं

१८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच १८८२ च्या आरंभी पटकीने नवरा गेला. तेविसाव्या वर्षी मांडीवर लेक आणि मागे पाच प्रेतं.

पुण्यात आर्य महिला समाज, मग इंग्लंड. लंडनमध्ये वॉन्टेजच्या ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना सांभाळताना त्यांनी पाहिल्या, आणि योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाई, जिला लोक कमी लेखत पण येशू जिच्याशी बोलला ती, त्यांना भिडली. २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्म्याबरोबर त्यांनी मान तुकवली नाही. तिथल्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिनना त्यांनी लिहिलं की पुरोहितांचं एक जोखड महाप्रयासाने उतरवलं आहे, दुसरं घ्यायची माझी तयारी नाही. शेवटचा न्याय देवाच्या हाती आहे हे या बाईला मनापासून पटलं होतं. त्यामुळे मधल्या सगळ्या न्यायाधीशांची भीती हळूहळू संपत गेली. त्यांच्या आयुष्यातली ही ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

१८८९ मध्ये मुंबईत बालविधवांसाठी शारदासदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ मध्ये वादळ उठलं, त्यात इथे शिरत नाही.

दुसरा दुष्काळ

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंपुढचा हिशोब साधा होता आणि तो जुळत नव्हता. शारदासदन म्हणजे काही बालविधवा, पैसा अमेरिकेतल्या मंडळींच्या दहा वर्षांच्या वचनावर येणारा, आणि ती दहा वर्षं १८९८ मध्ये संपणार. अशा वेळी ‘देव पाहून घेईल’ असं म्हणून घरी प्रार्थना करत बसता आलं असतं, आणि कुणी नावही ठेवलं नसतं.

त्या गेल्या. पहिलं सरकारी ‘पुअर हाऊस’ पाहिलं ते घर नव्हतंच. गावाबाहेरची झाडी, आणि खाली राखेत-मातीत बसलेले, पडलेले हाडांचे सापळे. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मुली नासवण्यासाठी उचलून नेणारी माणसं या तळांभोवती घिरट्या घालत होती, आणि ज्यांच्यावर राखणीची जबाबदारी होती त्यांच्यातलेही काही त्यात होते. हे त्यांनी छापून सांगितलं. भूक कशी असते ते त्यांना ठाऊक होतं. भुकेल्या मुलीला चार पैशांत कुठे नेता येतं हे ओळखायला त्यांना कुणाच्या अहवालाची गरज नव्हती.

मुली घेऊन पुण्याला आल्या तर तिथे प्लेग. नव्या माणसांना शारदासदनात ठेवायला परवानगी नाही. म्हणून केडगाव. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या या गावी आधीच शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती, सदनाला फळबागेचं उत्पन्न व्हावं म्हणून. त्या उघड्या माळावर तंबू आणि झापाचे आडोसे उभे राहिले. पुढे त्याला ‘मुक्ती’ हे नाव मिळालं.

याच वर्षी, १८९७ मध्ये, त्यांच्या आश्रयाची एक मुलगी पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत गेली. तिचं काय झालं याबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. आरोप सरकारी यंत्रणेवर होता. सरकारने तो फेटाळला. एका ख्रिस्ती बाईने ख्रिस्ती सरकारवर बोट ठेवलं, याचं तेव्हा दोन्ही बाजूंना नवल वाटलं असणार.

१८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली. आता पहिल्या दुष्काळातलं घर आणि हे घर शेजारी ठेवून पाहा. तिथे शेवटचं भांडं विकून अनुष्ठान झालं. इथे विहिरी खणल्या गेल्या. तिथे तिन्ही मुलांना हाताचं काम येत नव्हतं. इथे प्रत्येक मुलीला काही ना काही आलंच पाहिजे असा दंडक होता: शेती, विणकाम, दळण, गाईम्हशी, घाणा, छापखाना. आंधळ्या मुलींनाही हात लावता येतील अशी कामं आणि बोटांनी वाचायची लिपी. आंधळ्या बापाच्या मांडीजवळ बसलेली मुलगीच हे सारं ठरवत होती. हे विसरून केडगाव नीट कळत नाही.

विहीर खणणं म्हणजे भरवसा कमी झाला, असं रमाबाईंना वाटत नव्हतं. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत पाणी, धान्य, पैसा यांची नावं घेऊन मागणं असे. पण आता ते अटी पूर्ण करून वसूल करायचं येणं राहिलं नव्हतं. लेकरू आईकडे मागतं तसं होतं, आणि आईने दिलं नाही तरी तिची आई असण्याबद्दल शंका न घेणारं.

दोन आक्षेप

एक आक्षेप तेव्हापासूनचा आहे. उपाशी मुलीला जेवण देऊन धर्म दिला, मग तिची निवड मोकळी कुठे? मी ख्रिस्ती श्रद्धेकडे आपुलकीने पाहतो, तरी हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. भुकेच्या वेळी देणारा आणि घेणारा कधीच समान पायरीवर नसतात. रमाबाईंचा हेतू स्वच्छ होता असं मी मानतो; त्याने ही विषमता नाहीशी होत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या विषयाच्या गाभ्याशी आहे. रमाबाई म्हणतात की मी त्या दुष्काळातून गेले म्हणून या मुलींचं दुःख मला कळतं. हे ऐकून कुणी पटकन पुढचं पाऊल टाकतो: बघा, देवाने यासाठीच तो दुष्काळ घडवला होता! मग अनंतशास्त्री साखरेवाचून मेले ते तीनशे मुली वाचाव्यात म्हणून? त्यांच्या बरोबरीने मेलेल्या लाखोंच्या मागे तर कुणी रमाबाई उरली नाही. त्यांचं मरण कशासाठी खर्ची पडलं? असा हिशोब मांडणारा देवाची बाजू घेतो आहे असं त्याला वाटतं, पण तो देवाला फार क्रूर सावकार बनवून ठेवतो.

रमाबाईंच्या लिखाणात मला हे पाऊल सापडत नाही. आईवडिलांच्या शेवटच्या दिवसांची आठवण काळीज फाडते असंच त्या वीस वर्षांनंतरही लिहितात. भरून निघालं, असं लिहीत नाहीत. देवाने त्या दुःखातून काही उभं केलं हे त्या मानतात, पण म्हणून दुःखाला चांगलं म्हणत नाहीत. या दोन वाक्यांतलं अंतर केसाएवढं आहे, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलताना सगळं त्या केसावर अवलंबून असतं. मी स्वतः ते ओलांडून बोललो आहे. ऐकणाऱ्याने मान भिंतीकडे वळवली होती.

१९२१

प्रकरण इथे संपलं असतं तर पहिल्या दुष्काळात हरलेली मुलगी दुसऱ्यात जिंकली, असं वाटलं असतं.

मनोरमाबाई इंग्लंड-अमेरिकेत शिकून आल्या होत्या. केडगावची शाळा त्यांनी चालवली, गुलबर्ग्याला शाळा काढली. रमाबाईंना ऐकू येणं फार कमी झालं होतं, त्यामुळे लेक त्यांचे कानही होती. मुक्तीची जबाबदारी पुढे तीच घेणार हे ठरलेलं होतं. जुलै १९२१ मध्ये मिरजेच्या इस्पितळात मनोरमाबाई गेल्या, चाळिशीत. बाप, आई, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक लेक.

या वेळी कुठला करार मोडला नाही, कारण केलेलाच नव्हता. रमाबाई मराठी बायबलाच्या भाषांतराला पुन्हा बसल्या. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावं म्हणून कित्येक वर्षं हे काम चाललं होतं. लेकीच्या मागे त्या नऊ महिनेही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं.

छपाई केडगावच्याच छापखान्यात झाली. खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बायका-मुली होत्या. त्या शास्त्रात ईयोबाचं पुस्तकही आहे: एका दिवसात सगळी लेकरं गेलेला बाप राखेत बसून देवाशी भांडतो, आणि देव त्याचं भांडण ऐकून घेतो. तीही पानं त्यांच्याच हातांनी जुळली.